फेब्रुवारीत दाखवावं, जुलैत कळावं

रंगारी घरात शिरला की भिंतीकडे बघायच्या आधी एक प्रश्न विचारतो, ‘राहायला की विकायला?’ उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. राहायला असेल तर पोपडे धरलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडायचं, भिंत सुकू द्यायची, नवं प्लास्टर, मग प्रायमर, मग रंग. विकायला असेल तर एक हात पुट्टी, दोन हात रंग, आणि परवा जाहिरात द्या. तापाने फणफणलेल्या माणसाला पावडर लावून फोटोला उभं करावं, तसं ते घर उभं राहतं.

रंगारी बिचारा बोलून दाखवतो, इतकाच त्याचा दोष. घराची खरी दुरुस्ती आपल्याकडे ते दुसऱ्याला द्यायचं ठरल्यावरच सुरू होते. न्हाणीघराची कडी बसत नाही म्हणून आत गेलेला माणूस वर्षानुवर्षं गाणं म्हणत अंघोळ करतो. स्वयंपाकघरातल्या तोटीला बांधलेला फडका दर दिवाळीत बदलला जातो, तोटी मात्र तीच. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली की तिथे कपाट सरकवतात. मग एक दिवस वन बीएचके विकून टू बीएचके घ्यायचं ठरतं, आणि ज्या घराने सुताराला कधी फोन केला नाही तिथे सुतार, प्लंबर आणि वायरमन एकाच सकाळी येऊन चहाची वाट बघत बसतात. ज्या गिऱ्हाइकाचं अजून तोंडही पाहिलेलं नाही, त्याला अंघोळ करताना गावं लागू नये म्हणून ही धावपळ.

एजंट तुमचं घर नंतर बघतो, आधी कॅलेंडर बघतो. जून ते सप्टेंबर दार उघडायचं नाही. पितृपक्षात कुणी येत नाही. दसऱ्याला लोक येतात, पण तेव्हा भिंतीत पाऊस मुरलेला असतो आणि वरून मारलेला रंग दिवाळीच्या आत फुगतो. म्हणून जाणते लोक थंडी जाऊ देतात, फेब्रुवारीत पुट्टी मारतात आणि पाडव्याच्या सुमाराला गिऱ्हाईक आणतात. गिऱ्हाईक पंचांग बघून येतं, विकणारा हवामान खातं बघून बोलावतो.

आता ही ओल मुळातच का काढत नाहीत, असा प्रश्न एखाद्या भाबड्या वाचकाला पडेल. पावसाची नसेल तर ही ओल बहुधा वरच्या न्हाणीघरातून येते. तिथल्या फरशीचे सांधे उघडे पडलेले असतात, नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपत असतं, आणि खालचा वॉटरप्रूफिंगचा कोबा इमारतीच्याच वयाचा असतो. इलाज आहे. वरच्यांची फरशी फोडायची, कोबा नवा घालायचा, पाणी भरून ठेवून तपासायचं, पुन्हा फरशी बसवायची. एवढ्यासाठी वरच्यांनी ‘हो’ म्हणावं लागतं. ते म्हणतात, ‘आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे.’ अर्थातच आहे, पाणी सगळं तुमच्याकडे येतंय! सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळती झाली तर खर्च सोसायटीचा आणि संडास-न्हाणीघरातून झाली तर सभासदाचा. त्यामुळे पाणी येतं कुठून, हा प्रश्न प्लंबरच्या हातात राहत नाही, तो वार्षिक सभेत जातो. सभेत गेलेली ओल सुकल्याचं ऐकिवात नाही.

इंग्रजांनी मात्र भाबडेपणा केला होता. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की, जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. या कलमावर कुणी कौटुंबिक बैठक घेतलीच, तर ती ‘ठाऊक’ या शब्दाशी अडेल. कपाटामागे कोण बघायला गेलंय? उरली घेणाऱ्याची नेहमीची काळजी. ती अशी: नळ सोडून बघायचा, खिडकीतून खाली डोकावायचं, पार्किंग झाकलेलं आहे का विचारायचं आणि मोबाइलमधलं होकायंत्र काढून ओट्यासमोर गोल फिरायचं. सोबत एखादा मेव्हणा असतो, तो फरशीवर टाच आपटतो. पोकळ आवाज आला तर मान हलवतो, भरीव आला तरी हलवतो. गंजलेल्या सळ्यांनी स्लॅब कुठे फुगलाय, हे कुणी बघत नाही. बघायचं म्हटलं तर तिथे फॉल्स सिलिंग असतं, आणि त्यात निळा दिवाही असतो.

दुरुस्तीच्या पुढची पायरी म्हणजे सुधारणा. हिचा पहिला बळी गॅलरी. मंजूर नकाशात ती गॅलरी असते, जाहिरातीत तिचा ‘प्रशस्त हॉल’ होतो. गिऱ्हाईक खूश होतं, आणि मग त्याच्या बँकेचा व्हॅल्युएटर टेप आणि नकाशा घेऊन येतो. हा गृहस्थ निळ्या दिव्याकडे ढुंकूनही बघत नाही. ‘इथली भिंत कुठे गेली?’ एवढंच विचारतो.

तरी सीए धीर देतो. भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा होतो म्हणे. 1961 च्या आयकर कायद्यातही या खर्चाची व्याख्या योगायोगाने कलम 55 मध्येच दिली होती. घरातले उत्साहाने यादी काढतात: रंग, तोटी, कडी. सीए एकेक खोडतो. ही झाली दुरुस्ती, सुधारणा नव्हे. घरात काही भर घातली असेल, मोठा बदल केला असेल, तोही 1 एप्रिल 2001 नंतर, तर बोला. केलाय ना, गॅलरी हॉलमध्ये घेतली! पावती? मिस्त्रीने हिशेब टाइल्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने केला होता, आणि तो पुठ्ठा रंगाऱ्याने जमिनीवर अंथरला. एकूण निष्कर्ष असा की, जे कायदेशीर होतं ती सुधारणा नव्हती आणि जी सुधारणा होती ती कायदेशीर नव्हती.

या सगळ्यातून सुटका हवी असेल तर इमारत तिशीपार हवी. तिथे नियमच उलटे. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, आणि त्याचा अहवाल जितका भयंकर, तितका एजंटचा चेहरा उजळतो. रीडेव्हलपमेंटला 2019 च्या शासन निर्णयापासून 51 टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे जिन्यातली भेग ही आता भेग उरली नाही, ती वाढीव चटईक्षेत्राकडे जाणारी वाट आहे. अशा इमारतीत कुणी चुकून पुट्टी मारली तर कमिटी त्याला बोलावून समज देते. गिऱ्हाइकाला इथे गळका कोपरा मुद्दाम, अभिमानाने दाखवतात.

तर ते असो. आपल्या वन बीएचकेचा सौदा पाडव्याला ठरतो. कपाटही जागेवरच सोडतात, ‘तुम्हाला राहू द्या’ अशा उदार मनाने. मग तेच कुटुंब अक्षय तृतीयेला टू बीएचके बघायला जातं. भिंतींना ताज्या रंगाचा वास येत असतो, फॉल्स सिलिंगमध्ये निळा दिवा असतो. बेडरूममध्ये बाहेरच्या भिंतीला लावून एक भलंमोठं कपाट उभं असतं. नवरा नळ सोडून बघतो, मेव्हणा टाच आपटतो. बायको कपाटावरून हात फिरवते आणि विचारते, ‘हे जाताना नेणार का तुम्ही?’

‘छे हो,’ घरमालक म्हणतात, ‘तुम्हाला राहू द्या.’

नवरा टोकनचा चेक काढतो.