खिडकीतला ग्लास

गेल्या महिन्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. पत्रिकेवर ‘शहरातील प्रबुद्ध नागरिकांनी अगत्य यावे’ असं छापलं होतं. विषय होता बुद्धाची करुणा. वक्ते चांगले बोलले, हे आधी सांगतो. अभ्यास होता आणि आवाजात ओलावाही होता. मध्यंतरात चहा आला. पांढरे कप, बशा, सोबत पार्ल्याची बिस्किटं. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. सभागृह झाडणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. चहा देणाऱ्या पोऱ्यानं त्यांना खूण केली. त्या खिडकीपाशी गेल्या, गजाआडून एक स्टीलचा ग्लास काढला, नळाखाली विसळला आणि पुढे धरला. पोऱ्यानं वरून चहा ओतला. किटली ग्लासला लागू दिली नाही.

कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मध्यंतरानंतर करुणा पुढे सुरू झाली.

‘प्रबुद्ध’ म्हणजे जागा झालेला. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ फेब्रुवारी १९५६ला आपल्या ‘जनता’ साप्ताहिकाचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ केलं, तेव्हा त्या शब्दात नुसती हाक नव्हती, कामाला लागा असा हुकूम होता. जाग आलेला माणूस अंथरुणात लोळत पडत नाही. आज ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, त्याला आपण प्रबुद्ध म्हणतो आणि तो उठला का, हे विचारायचं राहून जातं.

या शब्दाचा अर्थ मला कळला तो कोल्हापूरच्या एका चहाच्या दुकानावरून. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. महाराज परगावी असताना गंगारामांनी पाण्याच्या हौदाला हात लावला, म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परतल्यावर त्यांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. बहुतेक राज्यकर्त्यांनी प्रकरण इथेच मिटवलं असतं आणि न्याय केला म्हणून पाठ थोपटून घेतली असती. महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं, धंद्याला पैसे दिले आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल उभं राहिलं.

गिऱ्हाईक फिरकेना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज रपेटीला निघाले की गाडी तिथे थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींना प्यायला लावत. गाडीतल्या त्या मानकऱ्यांच्या हातातला पहिला कप मला नेहमी डोळ्यांपुढे दिसतो. महाराज बघतायत, रस्ता बघतोय, आणि कप ओठांपर्यंत न्यायचाय. त्या हातभर अंतरात किती पिढ्या आडव्या आल्या असतील!

सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथे शिवाशीव पाळायची नाही, असे हुकूम महाराजांनी १९१९ साली काढले. हुकमाला राजाची सही लागते, ती त्यांच्याकडे होतीच. पण सहीनं दार उघडतं, त्या दारातून लोक आत जातीलच असं नाही. त्यासाठी राजाला स्वतःचं तोंड कपाला लावावं लागलं. नेतृत्वाबद्दल हल्ली शिबिरं होतात, जाडजूड पुस्तकं निघतात. मला एवढंच विचारायचंय, की तुमच्या नेत्यानं शेवटचं कधी सगळ्यांसमोर असं काही केलं, की त्याच्याच माणसांना ते जड गेलं?

आणि हा माणूस जागा कशानं झाला, तेही बघा. अपमानानं. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या छत्रपतींना, तुम्ही शूद्र, म्हणून तुमच्यासाठी वेदोक्त नाहीत, पुराणोक्त मंत्रच, असं त्यांच्याच पदरच्या भटजींनी ऐकवलं. पुढे वेदोक्ताचा मोठा वाद झाला. अपमान झालेला माणूस सहसा वर बघतो, त्यांनी मला आत घेतलं पाहिजे म्हणतो आणि आत घेतलं की मागून दार लावून घेतो. आपल्या किती चळवळी अशा दारापाशी संपल्या, ते मोजायला बसलो तर सदराची जागा पुरणार नाही. महाराज वेदोक्तासाठी लढले, पण नजर खाली वळवली. जो घाव आपल्याला एकदा बसला तो खालच्याला रोज बसतो, हे त्यांना दिसलं. २६ जुलै १९०२ला, ब्रिटिश बादशहाच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठी विलायतेत असतानाच, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा त्यांचा आदेश निघाला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तिथे जमलेल्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा नेता मिळाला आहे. तो नेता म्हणजे २८ वर्षांचे आंबेडकर. गादीवर बसलेला माणूस भर सभेत दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘तुमचा पुढारी हा’ म्हणतो! आज गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्षसुद्धा हे करत नाही.

धर्मातल्या माणसांचं तर आणखी अवघड, कारण तिथे पाया पडणारे रांगेत उभे असतात. बुद्धानं आपल्यामागे कुणाला गादीवर बसवलं नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असं सांगून तो गेला. आपल्याकडे गाडगेबाबांनी तेच केलं. पाया पडू देत नसत, शिष्य करत नसत. कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्नच जास्त. समोरच्या अडाणी माणसाला विचारत राहायचे, तोच उत्तर द्यायचा आणि देता देता स्वतःच्याच अंधश्रद्धेपाशी येऊन थबकायचा. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नातेवाइकांना त्यातलं काही नाही. एवढ्या इमारती उभारणाऱ्या माणसाच्या हाती शेवटपर्यंत खराटा नि फुटकं गाडगं. मला वाटतं, धर्मात कोण जागं झालंय हे ओळखायचं तर त्याच्यामागे काय उरलं ते बघावं: मोकळी झालेली माणसं, की बांधून घेतलेली?

नीतीसाठी फार लांब जायला नको. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. गावाचा नाही, स्वतःच्या घरचा. गावच्या हौदाबद्दल भाषण करता येतं. घरच्या हौदाला बायकोशी, भावकीशी, शेजाऱ्यांशी रोज सकाळी गाठ असते.

ग्लास डोक्यातून जाईना, म्हणून परवा पुन्हा त्या सभागृहात गेलो. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. बाई खुर्च्यांखालून झाडत होत्या. ग्लास खिडकीतच होता, गजाआड. व्यवस्थापकांना विचारलं. माणूस सज्जन, बुद्धजयंतीला दरवर्षी स्वतःच्या पदरचे पैसे घालणारा. खरोखर गोंधळून म्हणाले, “अहो, आम्ही काही पाळत नाही. त्या स्वतःच वेगळा ठेवतात.”

मी बाईंकडे गेलो. त्यांनी झाडू थांबवला नाही.

“दादा, कामाला लागले त्या दिवशी कपाटातनं काढून हातात दिला होता. म्हणाले, हा तुमचा.”

“किती वर्षं झाली?”

“पोरगी बालवाडीत जायची तवा. औंदा बारावीला हाय.”