चालताना दिसायचं नाही!

धावायला सुरुवात करण्याचा आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी बूट, मग घड्याळ, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि सवड झालीच तर पाय. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन पाहिली की सोमवारी अर्ध्या पुण्याला हा झटका येतो.

वास्तविक नवख्यांची सोय १९९६ सालीच झालेली आहे. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं नऊ आठवड्यांची योजना आखली. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं. मग एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. नवव्या आठवड्यात पाच किलोमीटर. योजना उत्तम आहे, फक्त तिच्यात शेजारी धरलेले नाहीत.

कारण त्या दीड मिनिटाच्या चालण्यातच तळमजल्यावरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन समोर येतात आणि विचारतात, “काय भाऊजी, दमलात?” झालं! भाऊजी पळत सुटतात. चौकात बँकेतले साहेब दिसतात, म्हणून पुढे आणखी दोन मिनिटं. घड्याळ ‘चाला’ म्हणून मनगटावर थरथरत असतं. पण घड्याळाला काय, त्याला कुठे सोसायटीत राहायचंय?

बरं, दम लवकर सुधारतो. दोन-चार आठवड्यांत छाती बऱ्यापैकी साथ देते आणि माणसाला वाटतं, जमलं! पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सरकारी खात्यासारख्या; तिथे फाइल महिनोन्‌महिने हलत नाही. छातीनं परस्पर मंजुरी दिलेल्या कामावर मग नडगी हरकत घेते. जिना उतरताना भाऊजी कठडा धरू लागले, की हरकत पोचली म्हणायची.

जाणकार सांगतात, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं धावा. वाक्य तुटलं की वेग कमी करा. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर ही कसोटी साफ नापास आहे. तिथे चढावर धाप लागते, घाम निथळतो, पाय थांबतात; वाक्य मात्र तुटत नाही. मेट्रो, मुलाचं पॅकेज आणि पाणीकपात उरकूनच मंडळी खाली उतरतात.

खंड पडलेल्यांचं दुखणं निराळं. नवखा निदान घाबरून असतो. हे मात्र ‘आम्ही कॉलेजात असताना’ इथून सुरुवात करतात. दोन-तीन आठवडे धावणं सुटलं तरी दमसास उतरू लागतो. इथे मध्ये लग्न, दोन मुलं आणि गृहकर्ज होऊन गेलंय, पण वेग मात्र गॅदरिंगच्या शर्यतीचा हवा. पुन्हा एका मिनिटापासून सुरुवात करा म्हटलं, तर चेहरा असा होतो की जणू यांना बालवाडीत बसवलंय.

आमच्या सोसायटीच्या माजी सचिवांनी तर तिसऱ्याच आठवड्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. एकवीस किलोमीटर, वाटेत यवतेश्वरचा घाट! ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. चौथ्या आठवड्यात नडगी धरून ते फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाईंनी विचारलं, “एका दमात किती धावता?”

सचिव म्हणाले, “ते रस्त्यात कोण भेटतं त्यावर आहे.”