वेलवांगीवाले काका

आमच्या सोसायटीत काकांचं आडनाव वॉचमनलाही सांगता येणार नाही. ‘वेलवांगीवाले काका’ म्हणा, तो थेट गच्चीकडे बोट दाखवतो. टोमॅटोला जुनी माणसं वेलवांगं म्हणत, विदर्भात भेद्रं म्हणतात. काकांनी जुना शब्द मुद्दाम उकरून काढला, कारण वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले, हे त्यांना सांगायचं असतं. समोरच्यानं विचारलेलं नसतं, तरीही.

काकांनी छत्तीस वर्षं बँकेत लोकांची पीककर्जं तपासली. कोथरूडच्या दोन खोल्यांपलीकडे स्वतःच्या नावावर काही नाही, पण सातबारा वाचता वाचता मातीचं वेड लागलं असावं. निवृत्तीनंतर गच्चीवर सहा कुंड्या आल्या. त्यातल्या दोन म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला भोकं पाडलेल्या. पीक एकच, चेरी टोमॅटो. “मोठा टोमॅटो नारायणगावात क्रेटनं मिळतो रे. तो लावण्यात काय मर्दुमकी?”

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला, तेव्हा काकांची चाल बदलली होती. जिन्यात भेटले की बागायतदाराच्या थाटात म्हणायचे, “भाव चांगला आहे यंदा.” झाडांना तेव्हा नुसती पानं होती.

फुलं आली ती थंडीत. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण पराग बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. हे काम भुंगा गुणगुणत करतो. मधमाशीला ते जमत नाही. आमच्या चौथ्या मजल्यावर भुंगा फिरकेना. तेव्हा मुलानं अमेरिकेहून पाठवलेला बॅटरीचा टूथब्रश काकांना आठवला. रोज सकाळी दहा वाजता, पराग कोरडे असताना, काका एकेका घोसाच्या देठाला तो ब्रश लावून उभे. तोंडानंही बारीक गुंजारव चालू. मुलानं फोनवर विचारलं, “बाबा, ब्रश वापरता ना?” काका म्हणाले, “रोज, नियमानं.” स्वतःचे दात ते अजून बोटानंच घासतात.

फळ धरलं आणि नवं संकट आलं. टोमॅटोचा बुडखा काळा पडायला लागला. काकांनी कुठेतरी वाचलं, कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाला. आता काकांच्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही. काकू तर केकवाल्यालाही दोनदा विचारतात. एका रात्री साडेदहाला, भुर्जीच्या गाडीजवळ, डोक्याला मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ मला कापडी पिशवी पुढे करताना दिसला.

“काका, तुम्ही?”

“हळू बोल. नुसती टरफलं.”

“पण सगळ्यांना वाटेल...”

“वाटू दे रे. फळ वाचलं पाहिजे.”

त्यानंतर आठवडाभर सोसायटीत कुजबुज होती, की काकांना उतारवयात भुर्जीची चटक लागली. काकांनी ती बदनामी मुकाट्यानं सोसली. खरं सांगायचं तर मातीत कॅल्शियम बहुधा असतंच आणि टरफलं कुजायलाही फार वेळ घेतात. पाणी कधी उदंड, कधी ठणठणाट, असं झालं की ते कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. काका एकादशीला आळंदीला गेले की झाडांनाही निर्जळी घडायची, आणि परतल्यावर प्रायश्चित्त म्हणून बादलीभर पाणी. ते पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, हे मी सांगू शकतो, कारण ते कपडे माझे असायचे.

बगलफूट खुडण्याची त्यांना लागलेली सवय मात्र धोक्याची. फांदीच्या बेचक्यातून नवा कोंब आला की खुडायचा, म्हणजे वेलाचा जोर फळात जातो. टोमॅटोपुरतं ठीक आहे. काका आमच्याकडे चहाला आले, बोलता बोलता बाल्कनीत टेकले, आणि गेल्यावर पाहतो तर आमची तुळस आणि मोगरा पार भादरलेले. पांढऱ्या माशीसाठी टांगलेल्या पिवळ्या चिकट कार्डांवर माशा आठ-दहा आणि काकांचा चष्मा एकदा. बुलबुलांना घाबरवायला जुन्या सीडी लावल्या, तर बुलबुल त्यात चेहरा पाहून निवांत न्याहारी करायचे.

एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या वर गेला आणि फुलं गळायला लागली. काकूंचं जुनं सुती पातळ झाडांवर चढलं. काकू गच्चीत आल्या, पातळ ओळखलं, आणि तिथल्या तिथे हिशेब मागितला. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी तेल, सुतळी, बियाणं मिळून २,३४० रुपये. फळं ६१. म्हणजे एक टोमॅटो अडतीस रुपयांना, आणि सगळे तराजूत घातले तर किलोही भरायचे नाहीत. काकांचा चेहरा एखाद्या कर्जदारासारखा झाला. मग त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. “अगं, कुंड्या पुढच्या वर्षीही आहेत. भांडवली खर्च एका हंगामावर टाकत नसतात.”

“बरं. मग सारासाठी टोमॅटो द्या.”

“सारात? हे?”

काका इतके दुखावले, की काकूंनी पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून अर्धा किलो आणले.

आम्हाला मात्र त्यांनी खास निमंत्रण दिलं होतं. पितळी वाटीत एक टोमॅटो आला. सोबत सुरी. माणसं आम्ही दोघं. अर्धा अर्धा खाल्ला. गोड होता, खोटं कशाला बोलू? पुढचे पंधरा दिवस जिन्यात एकच प्रश्न, “चव आहे का रे अजून जिभेवर?”

यंदाची रोपं तयार आहेत. तुमच्याकडे अंड्याची टरफलं निघत असतील तर फेकू नका. धुवून, वाळवून, कागदात गुंडाळून माझ्या दाराशी आणून ठेवा. काकांच्या घरची बेल मात्र वाजवू नका. काकूंना अजून ठाऊक नाही.