घासायलंय

गो-कार्टमध्ये इंजिन हा सगळ्यात गरीब प्राणी. बाजारात तयार मिळतं, चार बोल्टवर गुमान बसतं, दोरी ओढली की भडभडतं. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बांधली, तिला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन पुरलं होतं. कज्जेदलाल असतात ती पुढची दोन चाकं.

आमच्या भाच्याची आणि त्याच्या कॉलेजमित्रांची कार्ट कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आकाराला येते आहे. कोल्हापुरात चार जण वाकून काहीतरी बघत असले की पाचव्याला पुढे जाववत नाही, या न्यायाने मीही संध्याकाळी तिथे असतो. माझ्याकडे खातं एकच.

"मामा, जरा स्टिअरिंग डावीकडं पिळा की."

मी पिळतो. खर्रर्र.

"घासायलंय!" खालून आवाज येतो. तो आवाज दुःखाचा असावा, पण त्यात थोडा आनंदही असतो. काय बिघडलंय ते सापडलं, याचा.

संगणकावरच्या चित्रात काहीच घासत नव्हतं. तिथे चाक जागच्या जागी शहाण्यासारखं वळायचं. खऱ्या कार्टचं चाक तसं वळत नाही, कारण ज्या खिळीभोवती ते वळतं त्या किंगपिनपासून ते बाहेर लटकलेलं असतं. वळताना आतलं चाक मागे सरतं, बाहेरचं पुढे येतं. त्यात किंगपिन मुद्दाम मागे कललेली, म्हणून आतलं चाक खालीही दाबलं जातं. ही चैन नव्हे. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट, म्हणजे वळणावर दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. आतल्याने पाय थोडा उचलला तरच गाडी वळते, आणि तो उचलून द्यायचं काम पुढच्या चाकांकडे.

शिवाय वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. शोध म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या, घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराचा. लंडनमध्ये 1818 साली पेटंट घेतलं रुडॉल्फ अकरमनने, जो एरवी चित्रं-पुस्तकं छापायचा. पोरं अजून त्याच्याच नावाने भांडतात. 'अकरमन चुकलाय' असं ती इतक्या पोटतिडकीने म्हणतात की गृहस्थ पलीकडच्या गल्लीत राहत असावेत असं वाटतं.

तर आतला टायर चॅसिसच्या पाइपाला घासत होता. पाइपाचा नवा लाल रंग खरवडून आतला धातू चकचकीत झालेला. यावर उपाय सर्वांना तोंडपाठ: स्टब एक्सलवर स्पेसर घाला, चाक बाहेर काढा. एकाला एक जोडून घातले. पाइप सुटला. पण चाक किंगपिनपासून जितकं लांब, तितका त्याचा फेरा मोठा. आता उजवीकडचा टायर पुढे झेपावून बंपरच्या ब्रॅकेटला भिडायला लागला, आणि स्टिअरिंग असं जड झालं की माझ्या खात्याचं काम वाढलं. भाड्याच्या घरात कपाट हलवल्यावर होतं तसंच: दार मोकळं झालं, खिडकी अडली.

पोरं आणखी एक स्पेसर शोधायला लागली तेव्हा वेल्डिंगवाले मिस्त्री उठले. त्यांनी नटावर बोट ठेवलं. नट आट्यांवर जेमतेम टेकला होता. नायलॉनच्या कड्यातून एकही आटा बाहेर डोकावत नव्हता.

"चाक एकीकडं जाईल आन् तू एकीकडं. काढ त्ये."

मग त्यांनी खडू मागवला. टायरच्या आतल्या कडेला खडू फासला, भाच्याला सीटवर बसवलं, गाडी जमिनीवर टेकवली आणि मला म्हणाले, "आता पिळा." स्टँडवर चाकं अधांतरी असताना जिथे बोटभर जागा दिसत होती, तिथे माणूस बसल्यावर चॅसिस वाकून पांढरी रेघ उमटली. अवघ्या नखाएवढी. शिकलेल्या माणसाने खडूचा इतका चांगला उपयोग केलेला मी क्वचित पाहिलाय.

स्पेसर एकच ठेवला. ब्रॅकेट ग्राइंडरने कापून मागे घेऊन डागलं. टायर टेकण्याच्या थोडं आधी स्टिअरिंग अडेल असा दोन्ही बाजूंना स्टॉपर लावला. फार अलीकडे नाही, नाहीतर अरुंद वळणावर गाडी उतरून उचलून फिरवावी लागेल. स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा टाय रॉड वाकवून जागा करण्याची एक सूचना आली होती, ती मिस्त्रींनी नुसत्या नजरेने परत पाठवली. शेवटी दोरा ताणून दोन्ही चाकांचा टो, म्हणजे ती किती सरळ समोर बघतात ते, बघितला.

भाचा पुन्हा बसला. डावीकडे पूर्ण, साफ. उजवीकडे पूर्ण, साफ. सगळे हसले. मग त्याने पहिल्यांदाच, स्पर्धेत घालतात तसे जाड तळव्याचे बूट चढवले, टाचा खाली टेकल्या, पाय पेडलवर ठेवले आणि स्टिअरिंग वळवलं.

"मामा..."

टाय रॉड टाचेला अडत होता. संगणकातल्या ड्रायव्हरला बूटच नव्हते.

मिस्त्रींनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. "आता ह्येला कुठं कापू?"