जंगल झाडायला

घरात झाडूला हात न लावणारा माणूस जंगल झाडायला जातो, यावर आमच्या घरी रास्त आक्षेप आहे. पण नागभीडच्या बाजूला जंगल खरेच झाडावे लागते. होळीच्या आगेमागे साग-मोहाच्या पाल्याचा असा खच पडतो, की एक बिडी पुरते. म्हणून जाळरेषा काढायची. लांबच लांब पट्ट्यातला पाला हटवायचा, म्हणजे आग तिथवर येऊन उपाशी मरते. वनविभागाचे पाठीवरचे ब्लोअर तरुण पोरांच्या वाट्याला जातात. आम्हा हौशी मंडळींना खराटा.

इथली आग बहुधा आकाशातून पडत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपांना आच देतात. लावणारे आपले, विझवणारेही आपलेच. त्यामुळे आमच्या रांगेत कुणी कुणाला फारसे उपदेश करत नाही.

१९३३ साली अमेरिकेत रूझवेल्टने बेकार तरुणांची अशीच फौज जंगलात धाडली होती. झाडे लावा, वाटा काढा, वणवे विझवा. पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी. ही पद्धत आमच्या घरी चालू आहे, फक्त जंगलात न जाता.

त्याहून मला नवल वाटते ते आपल्याच जिल्ह्यातल्या, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचे. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभेने पाळीपाळीने जंगलाची राखण सुरू केली. इतकेच नाही, तेंदूपत्त्यापायी आगी लागतात, झाडे छाटली जातात, म्हणून तेंदू तोडणेच बंद केले. हातचा पैसा सोडला! आम्ही रविवारी दोन तास खराटा मारतो आणि आठवडाभर सांगत फिरतो.

तसा माझा उपयोग अगदीच नाही असे नाही. इथल्या घोडाझरीच्या जंगलाला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाघ त्याआधीपासून आहेत आणि हद्द काही ते बघत नाहीत. तेव्हा काम करायचे ते घोळक्याने आणि गलका करत. वर्गात जन्मभर चढवलेला आवाज मला इथे कामी येतो. ब्लोअर घोंघावत असला, की "सर, सावलीत बसा जी" म्हणतात. पेट्रोल संपून तो बंद पडला, की तीच पोरे घाईघाईने म्हणतात, "सर, आता बोला!"