मा. एक जुलै साहेबांस खुले पत्र

प्रति,
मा. श्री. एक जुलै साहेब, मुक्काम पोस्ट कॅलेंडर.

विषय : निवृत्त माणसाच्या आजारपणात आपण घातलेला घोळ.
संदर्भ : शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली माझी नोंद.

महोदय,

वरील विषयान्वये सविनय सादर करतो की, मी दुसरबीड, ता. सिंदखेडराजा येथील रहिवासी असून पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालो आहे. आपली-माझी ओळख जुनी. आई सांगायची, माझा जन्म पोळ्याच्या आसपासचा. पण विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, आणि नाव घालायला आलेल्या बापाजवळ तारखेची चौकशी करत बसायला गुरुजींना सवड कुठली? त्यांनी लिहून टाकलं, 1 जुलै 1957. वर्गातली निम्मी पोरं आपल्याच नावाची. (पुण्या-साताऱ्याकडे हेच खातं एक जून साहेब सांभाळतात, असं ऐकतो.)

एक तारखेचा जन्म म्हणजे निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून 30 जून 2015 च्या संध्याकाळी मला शाल-श्रीफळ, आणि दुसऱ्या सकाळी आपण ऑफिसात हजर, सगळ्यांची वार्षिक वेतनवाढ घेऊन. त्या एका रात्रीपायी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2023 साली निकाल लागला की, राबलेल्या वर्षाची वाढ द्या. आपल्याला मात्र कोणी साधा प्रतिवादीसुद्धा केलं नाही. वजन आहे आपलं.

वेतनवाढीचं एक वेळ सोडतो. पण त्याच रात्री 1961 चे वैद्यकीय देखभालीचे नियमही माझ्यापुरते संपले. नोकरीत असताना बिलं लावायची, सह्या-शिक्के गोळा करायचे, उशिरा का होईना पैसे यायचे. तेव्हा मला सर्दीपलीकडे काही झालं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी शासन मोकळं झालं आणि शुगर, बीपी, गुडघे पाठोपाठ रुजू झाले.

त्यावर शासनाने 2014 साली निवृत्तांसाठी गट वैद्यकीय विमाछत्र काढलं. हप्ता आमच्याच खिशातून, छत्र नवरा-बायकोला. चांगली गोष्ट. सुरू कधी? 1 जुलैला. संपतं कधी? 30 जूनला. म्हणजे हप्त्याची जुळवाजुळव ऐन पेरणीत. सोयाबीनची बॅग, खत, मजुरी, नातवाचा प्रवेश, आणि पेन्शन एकच. कृषी दिनही आपल्याच नावावर आहे, तेव्हा जूनमध्ये आमच्या घरात काय चाललेलं असतं हे आपल्याला माहीत नाही, असं कसं म्हणू?

मागे हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन जालन्याच्या एका दवाखान्यात झालं. भरती 29 जूनची, सुट्टी आपल्या शुभदिनी. काउंटरवरच्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बाबा, तुमचं कार्ड कालच संपलं." मी हप्त्याची पावती काढली. "पावती आहे हो, पण सिस्टिमला नवा नंबर दिसत नाही." ही बाकड्यावर, सलाईनची सुई काढलेल्या जागी कापूस दाबून. टाके जूनमधले, सुट्टी जुलैतली. मधली रात्र कुणाच्या खात्यात टाकायची यावर दिवसभर मेल फिरले. शेवटी पदरचे पैसे भरले आणि हिला सोडवलं. काउंटरमागे डॉक्टर्स डेचा केक कापला जात होता. डॉ. बिधानचंद्र रॉय 1882 साली आपल्याच तारखेला जन्मले आणि 1962 साली आपल्याच तारखेला गेले. पॉलिसीचं वर्ष मध्येच मोडण्याची भानगडच ठेवली नाही त्यांनी.

खासगी विम्याचा एजंटही येऊन गेला. पासष्टीच्या आतच पॉलिसी घेण्याची अट 2024 च्या एप्रिलपासून गेली, वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, सगळं खरं. पण माझी शुगर जुनी, म्हणून तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा. शुगर माझं ऐकून थांबली असती, तर याला चहा कशाला पाजला असता?

गावच्या बंद पडलेल्या जिजामाता साखर कारखान्याचे जुने कामगार मला म्हणतात, "तुमचं बरं आहे बाबूसाहेब, पेन्शन आहे." त्यांचं केशरी कार्ड महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधीपासून. सगळ्या पांढऱ्या कार्डांचा नंबर लागला 2024 ला, अर्थात आपल्याच मुहूर्तावर. वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण यादीतले उपचार, यादीतले दवाखाने. रोजच्या गोळ्या त्या यादीत नाहीत, आणि म्हाताऱ्याचा खरा खर्च तोच.

राहिलं सत्तरीनंतरचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वय मात्र आधारवरचं. आईच्या हिशेबाने मी सत्तरी केव्हाच ओलांडली. गुरुजींनी मला दोन वर्षांनी लहान केलं होतं. त्यापायी दोन वर्षं पगार जास्त खाल्ला, हे कबूल. आता त्याची वसुली म्हणून कार्डासाठी थांबायचं 2027 पर्यंत. त्या वर्षातली तारीख सांगायला नको.

आपल्याला स्वतःचे अधिकार काहीच नाहीत, हे मला लिपिक म्हणून ठाऊक आहे. ज्यांना आहेत त्यांनी दरवेळी आपल्याला पुढे केलं, आणि आपण मुकाट उभे राहिलात. तरी विनंती की, पॉलिसीचं वर्ष सोयाबीन विकून झाल्यावर, दिवाळीनंतर सुरू व्हावं. तेवढं वर कळवावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लिपिक, दुसरबीड

प्रत : मा. एक जून साहेब, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीस्तव.