पिवळेपंत, जरा वजनात राहा!

मु. पो. लवळे, ता. मुळशी, जि. पुणे.

श्रीयुत टार्ट्राझिन ऊर्फ पिवळेपंत यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बारा महिने आमच्या पोटात जाता, पण रीतसर ओळख कधी झाली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमचा जन्म १८८४चा. जन्मदाते योहान हाइनरिश झीगलर, स्विस रसायनशास्त्रज्ञ. लोकर आणि रेशीम रंगवता रंगवता तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात. युरोपात ई १०२, अमेरिकेत यलो नंबर ५, भारतात आयएनएस १०२. आमच्या मुळशीत सातबाऱ्यावर एक नाव लावायचं तर चपला झिजतात. तुमची तीन-तीन नावं बिनतक्रार चालतात!

लवळ्यात तुमचं बस्तान छान बसलं आहे. टेकडीवर विद्यापीठ आलं, पोरं आली, आणि त्यांच्यामागोमाग चायनीज-बिर्याणीच्या गाड्या. परवा अशाच एका गाडीवर उभा होतो. गाडीवाल्याने प्लास्टिकच्या डबीतली पिवळी पूड पेल्यातल्या पाण्यात टाकली, चमच्याच्या दांड्याने ढवळली आणि भातावर नक्षी काढल्यासारखी शिंपडली. एका पोरीने विचारलं, "केशर आहे का, दादा?" "मग काय, ताई!" अर्ध्या प्लेटच्या भावात केशर! काश्मीरवाल्यांनी ऐकलं तर मळे विकून लवळ्यात गाडी लावतील.

खरं तर बिर्याणीत तुम्हाला प्रवेशच नाही. आइस्क्रीम, बिस्किटं, केक, मिठाई, सरबत ही तुमची कायदेशीर घरं. भात आणि मसाले नाहीत. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ साली गोबी मंच्युरियनचे १७१ नमुने तपासले, तर १०७ नमुन्यांत कृत्रिम रंग निघाले. त्या यादीत तुमचंही नाव होतं, आणि त्या सरकारने रंगीत मंच्युरियनला बंदी घातली.

तरी तुमच्यावर उगाच चिखल उडवणार नाही. मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत तुम्हाला मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली तुमची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला १० मिलिग्रॅम धरली. म्हणजे २० किलोच्या पोराने नियमात बसणारी दोन किलो जिलबी रोज हाणली, तर कुठे ते त्या रेषेला टेकेल. त्याआधी साखरच त्याला गाठेल, तुमची पाळी यायची नाही.

काही थोड्यांच्या अंगावर तुमच्यामुळे गांधी उठतात. ॲस्पिरिन न सोसणाऱ्या दमेकऱ्यांनी तर जपूनच राहावं. २००७ साली इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी तुम्हाला आणखी तीन रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्यासोबत एकाच पेयात घालून लहान मुलांना पाजलं. पोरं जास्त चुळबुळ करू लागली, पण पाचांतला गुन्हेगार कोण ते ठरेना. युरोपने मग २०१० पासून पाकिटावर इशारा छापायला लावला. गाडीवरच्या प्लेटला पाकीटच नसतं, इशारा कुठे छापणार? द्रोणाच्या बुडाला?

तुमचा भाऊबंद मेटॅनिल यलो याचं तर नावच काढू नका. त्याला खाण्यात मुळीच परवानगी नाही, तरी हळदीत, डाळीत सापडतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडले की जांभळट गुलाबी होतो, आणि पाणी घातलं तरी तसाच राहतो. तुमच्या अब्रूचे धिंडवडे निघतात ते बरेचसे त्याच्यापायी.

२०२४ मध्ये तुम्ही कमालच केलीत. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी तुमचं दाट द्रावण जिवंत उंदराच्या पोटावर चोळलं आणि कातडीतून आतलं आतडं दिसू लागलं! उंदराचं पोट आरपार दिसलं, पण आमच्या गाडीवाल्याच्या डबीत कोण बसलंय, तुम्ही की तुमचा भाऊबंद, ते अजून कुणाला दिसत नाही.

आणि आम्ही तरी कुठले धुतल्या तांदळाचे? १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकून जिलबीच्या रांगेत उभे राहतो आणि आचाऱ्याने रंग कमी घातला की विचारतो, "फिकी दिसतेय, कालची आहे का?" मग तो बिचारा पुढच्या घाण्याला चिमूट वाढवतो. दहा किलोला एक ग्रॅम ही तुमची हद्द. त्याच्याकडे मोजायला अंगठा आणि तर्जनी.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी डबीतून याल तेव्हा सोबत ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आणा. सोनाराकडे मिळतो.

कळावे, लोभ आहेच, जरा कमी करावा.

आपला,
एक पिवळट लवळेकर